चक्रीवादळ आणि कोकणातले छप्पर

अटलांटिकमध्ये ज्याला हरिकेन म्हणतात, तेच आपल्याकडचे चक्रीवादळ. समुद्राचे पाणी साधारण २६.५ अंशांहून गरम झाले की त्याच्या वाफेवर ते पोसले जाते. पण नुसती उष्णता पुरत नाही. भर पावसाळ्यात खालचे वारे नैऋत्येकडून येतात, तर वरचे पूर्वेकडून. त्या ओढाताणीत वादळाचा उभा खांब टिकत नाही. म्हणून अरबी समुद्रातली चक्रीवादळे बहुधा मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात. फयान नोव्हेंबर २००९ मधले, तौक्ते मे २०२१ मधले. ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलेल्या निसर्गने श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या झोपवल्या.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा १२० झाला की दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ७० किलो. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्र्यावर हा भार सव्वादोनशे किलोच्या घरात जातो, आणि पत्रा स्वतः जेमतेम पंधरा किलोचा! शिवाय हा भार खाली दाबत नाही, वर ओढतो. छपरावरून वेगाने जाणारा वारा वर खेच निर्माण करतो, आणि पडवीतून किंवा फुटलेल्या खिडकीतून आत शिरलेला वारा खालून रेटतो. ‘खिडक्या उघड्या ठेवा, वारा निघून जाईल’ हा सल्ला त्यामुळेच घातक आहे. दारे-खिडक्या घट्ट बंदच हव्यात.

सर्वाधिक ओढ बसते ती वळचणीला, आढ्याला आणि कोपऱ्यांना. तिथे पत्र्याचे हुक मधल्या भागापेक्षा दुप्पट दाट लावावेत. खाऱ्या हवेत हुक वॉशरखाली गंजतो. वरून रंग चांगला दिसला तरी आत दांडा सुतळीएवढा उरलेला असतो. एकदोन काढून बघितल्याशिवाय कळत नाही. कौलारू घरात वळचणीची शेवटची ओळ रिपेला तारेने बांधावी आणि आढ्यावरची कौले चुन्यात किंवा सिमेंटात पक्की करावीत. पण नुसता पत्रा वाशांना घट्ट बांधून भागत नाही. वासे भिंतीला बांधलेले नसतील तर सगळे छप्परच एका तुकड्यात उडते. ही कामे आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या, शाकारणीबरोबरच उरकावीत. इशारा आल्यावर छपरावर चढणे म्हणजे मरण ओढवून घेणे.

हवामान खात्याची पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी सुरू होते, किनाऱ्यासाठी सावधगिरीचा इशारा ४८ तास आधी येतो, तर धोक्याचा २४ तास आधी. नकाशावरच्या वादळाच्या मार्गाच्या रेषेवर आपले गाव नाही म्हणून निर्धास्त राहू नये. वादळ ज्या दिशेने सरकते तिच्या उजव्या बाजूला वारा जास्त जोराचा असतो. तौक्ते किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले, तेव्हा सबंध कोकण त्याच्या उजव्या हाताला होते.

इशाऱ्यानंतरच्या या दोन दिवसांत होड्या खाडीत आत न्याव्यात, माडाच्या सुक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवावेत. छपरावरची टाकी रिकामी ठेवू नये: हजार लिटरची भरलेली टाकी एक टन वजनाची, रिकामी मात्र पतंग. पिण्याचे पाणी माणशी रोज चार लिटर धरून आठवड्याचे भरावे, कारण वीज दोन-तीन आठवडे नसली तर विहिरीचा पंप निकामी. पोहरा आणि दोर शोधून ठेवावा. उधाणाची भरती आणि वादळ एकाच वेळी येणार असेल तर खाडीकाठच्यांनी प्रशासनाची वाट न बघता उंचावरच्या पक्क्या इमारतीत जावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा शांत मध्यभाग, डोक्यावरून गेला तर वारा एकाएकी पडतो, कधी ऊनही येते. लोक अंगणात येतात, पत्रे गोळा करतात, आणि तेवढ्यात वारा उलट्या दिशेने सुटतो. निसर्गसारखे ईशान्येकडे जाणारे वादळ आधी आग्नेयेकडून झोडपते, डोळा गेल्यावर वायव्येकडून. पहिल्या वाऱ्याने खिळखिळे केलेले दुसरा पाडतो.

नंतर तुटलेल्या तारांच्या जवळ जाऊ नये, वीज नसली तरी. कोणाच्या घरचे जनरेटर उलटी वीज सोडत असते. विहिरीत घाण पाणी शिरले असेल तर आधी उपसा करावा. मग व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली (मीटरमध्ये) गुणिले ७८५ इतके लिटर धरून, हजार लिटरला किमान अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, निवळ तेवढी विहिरीत सोडावी. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण ७० ग्रॅम. गढूळ पाण्याला जास्त लागते. एक तासाने पाण्याला क्लोरीनचा हलका वास यायला हवा. नसेल तर पुन्हा टाकावी, आणि तोवर पाणी उकळूनच प्यावे.