स्टिअरिंगच्या डब्यातलं काळं तेल

"चालते ना गाडी? मंग काहून हात लावता?" जुन्या बोलेरो-सुमोचं बॉनेट उघडून पॉवर स्टिअरिंगच्या तेलाचा विषय काढला, की आपल्या विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गॅरेजवर हे उत्तर ठरलेलं. बाजूला चहा पीत बसलेला पुस्ती जोडतो, "जुनं तेल काढलं का सील लीक होतेच." गंमत म्हणजे इंजिन ऑइल हीच मंडळी वेळच्या वेळी बदलतात.

या भीतीत थोडं तथ्य आहे, पण दोष भलत्याच्याच माथी मारला जातो. आधी हे तेल करतं काय ते पाहू. इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप ते दाबाखाली पुढे पाठवतो. स्टिअरिंगच्या दांड्यात पोलादाची एक बारीक सळई असते. आपण स्टिअरिंग फिरवतो, टायर जमिनीला धरून असतात, आणि मधल्या मधे ती सळई दोराला पीळ द्यावा तशी किंचित पिळते. तेवढ्यानं व्हॉल्व्ह उघडतो, तेल पिस्टनच्या एका बाजूला शिरतं आणि चाकं वळतात. जोर तेलाचा, आपला फक्त इशारा. टायरात आपण ३०-३५ पीएसआय हवा भरतो. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून धरलं, तर या पंपातला दाब हजार पीएसआयच्याही वर जातो. ही सोय विक्रीच्या कारमध्ये पहिल्यांदा आली ती १९५१ साली, अमेरिकेत क्रायस्लर इम्पीरियलमध्ये.

एवढा दाब म्हणजे उष्णता आलीच. तेल तापलं की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची रासायनिक क्रिया होते. ढोबळ नियम असा, की दर १० अंशांमागे या क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर असतो, बॉनेटखालचं तर विचारूच नका. पण तेलाची खरी परीक्षा जिनिंगच्या फाटकाबाहेर होते. कापसानं लादलेली पिकअप वीतभर पुढे घ्यायची, थांबायचं, उभ्या जागी स्टिअरिंग पिळायचं. चाकं फिरत नाहीत, गार वारा लागत नाही, आणि पंप मात्र पूर्ण जोरात. म्हणूनच स्टिअरिंग टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये म्हणतात.

या तेलात झीज आणि फेस रोखणारी रसायनं मिसळलेली असतात, ती हळूहळू संपतात. पंपाचा धातू आणि पाइपाच्या आतलं रबर कणाकणानं झिजून तेलातच फिरत राहतं. रबरी सील तर उष्णतेनं आणि वयानं आधीच कडक झालेले असतात. काही वेळा जुन्या तेलातला चिकट गाळच त्यांच्या फटी बुजवून असतो. नवं तेल आलं, गाळ सुटला, की गळती दिसू लागते. सील आधीच गेलेलं होतं. नव्या तेलानं फक्त चुगली केली. उलट काळं तेल तसंच ठेवलं तर त्यातले कण पंप आणि रॅक (चाकं वळवणारा दातेरी दांडा) घासत राहतात, आणि रॅक बदलायची वेळ आली की खिशाला चांगलीच चाट बसते.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: बदला, पण सावकाश. आधी डब्यातला एक थेंब पांढऱ्या कापडावर टाका. बऱ्याच गाड्यांत हे तेल मुळात लालसर असतं. थेंब तपकिरी-काळा पडला, जळका वास आला, बारीक चमकते कण दिसले, तर वेळ झाली. मोठ्या सिरिंजनं डब्यातलं तेल ओढा, नवं भरा, इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, पुन्हा ओढा. समजा डब्यात एकूण तेलाचा तिसरा हिस्सा मावतो. मग पहिल्या फेरीनंतर जुनं तेल ६७ टक्के उरतं, दुसरीनंतर ४४, तिसरीनंतर ३०, चौथीनंतर जेमतेम २०. फेऱ्या एकाच दिवशी उरकायची गरज नाही, दर आठवड्याला एक केली तरी चालतं. फक्त सोयाबीनचं थ्रेशर चालू असलेल्या खळ्याशेजारी झाकण उघडू नका, आणि उघडण्याआधी ते पुसून घ्या.

तेल कोणतं, हे डब्याच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुष्कळ जुन्या गाड्यांना डेक्स्रॉन जातीचं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते तेल चालतं, काहींना हिरवं सिंथेटिकच लागतं. दोन्हींची भेळ करू नये. आणि घरात पडलेलं ब्रेक ऑइल तर चुकूनही ओतू नका. ते ग्लायकॉलचं असतं आणि स्टिअरिंगचे सील खनिज तेलासाठी बनवलेले असतात. ग्लायकॉलनं ते फुगतात, मऊ पडतात. मग सगळं सोडवूनच दुरुस्ती.

स्विफ्ट, वॅगनआरसारख्या गाड्यांत स्टिअरिंगला इलेक्ट्रिक मोटर असते. तिथे तेलाचा डबाच नसतो, शोधत बसू नका.

तेल बदलूनही स्टिअरिंग जडच राहिलं, तर आधी पुढच्या टायरांतली हवा आणि बेल्टचा ताण बघा. डब्यात फेस दिसत असेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय. बहुतेकदा पंपाकडे येणाऱ्या पाइपाची क्लिप सैल झालेली असते.