ओस्लो करार : नॉर्वेनं नेमकं काय केलं?

‘ओस्लो करारानं नॉर्वेनं पॅलेस्टाईनला स्वतंत्र देश मिळवून दिला’, हे वाक्य गेली तीस वर्षं फिरतंय. ते चूक आहे. इस्रायल आणि पॅलेस्टिनी मुक्ती संघटना (पीएलओ) यांच्यातल्या या कराराच्या ज्या मसुद्यावर १३ सप्टेंबर १९९३ला वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या, त्यात पॅलेस्टिनी राष्ट्राचा उल्लेखच नाही. होती ती पाच वर्षांची हंगामी स्वशासनाची व्यवस्था. जेरुसलेम, निर्वासित, इस्रायली वसाहती, सीमा असे कळीचे प्रश्न पुढच्या वाटाघाटींवर ढकलले गेले.

नॉर्वेचं काम वेगळं होतं, आणि माझ्या मते फार मोलाचं : एकमेकांना मान्यताच न देणाऱ्या या दोन बाजूंना जानेवारी १९९३पासून, नॉर्वेतल्या सार्प्सबोर्ग शहरातल्या एका जुन्या हवेलीत, गाजावाजा न करता समोरासमोर बसवणं. पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता नॉर्वेनं दिली ती थेट २८ मे २०२४ला.