मुंबईत नव्याने आलेल्या निर्वासितांना मानसोपचार: कोण पात्र, कागद कुठले, जायचं कुठे

आधीच सांगून टाकते, केईएम, सायन, नायर किंवा कूपर या पालिकेच्या हॉस्पिटलांच्या सायकॅट्री ओपीडीत दाखवायला निर्वासित म्हणून वेगळा फॉर्म वगैरे काही नसतो. कुणी एजंट पैसे घेऊन तसलं काही करून देतो म्हणाला तर त्याला लांबूनच नमस्कार करा. सगळ्या पेशंटना जो केसपेपर लागतो तोच यांनाही लागतो.

मग अडतं कुठे? तर "आधी निर्वासिताचं कार्ड येऊ दे, मग डॉक्टरचं बघू" इथे. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. श्रीलंकन तमिळ आणि तिबेटी लोकांचं सरकार स्वतः बघतं, अफगाण, म्यानमार, सोमालिया वगैरेंची नोंदणी यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) करतं आणि त्यांचं ऑफिस दिल्लीत, पाकिस्तानातून आलेले बरेच हिंदू लाँग टर्म व्हिसावर असतात. यातलं काहीही पटकन होत नाही. आणि माणूस नेमका त्याच काळात खचतो, झोप नाही, काम नाही, मागे राहिलेल्यांचा फोन लागत नाही. डब्ल्यूएचओचा 2019 चा अंदाज आहे की युद्ध-संघर्षाच्या भागात राहिलेल्या दर पाचातल्या साधारण एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो, तेव्हा इतकं ताणून धरण्यात अर्थ नाही.

पात्रतेचं म्हणाल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 (लागू झाला 29 मे 2018 ला) कलम 18 मध्ये उपचाराचा हक्क "प्रत्येक व्यक्तीला" देतो, नागरिकाला असं तिथे लिहिलेलं नाही. त्याच कलमात पुढे आहे की गरिबीरेषेखालच्या माणसाला, त्याच्याकडे बीपीएल कार्ड असो वा नसो, आणि निराधार किंवा बेघर असेल त्याला सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या ठिकाणी हे उपचार फुकट. खिडकीवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही, त्याच्याशी हुज्जत घालू नका, सरळ हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडे जा (जेजेला समाजसेवा अधीक्षक म्हणतात), माफी-सवलतीचं काम तिथूनच होतं.

कागदांमध्ये यूएनएचसीआरचं कार्ड किंवा अर्ज केल्याचा कागद, पासपोर्ट असेल तर पासपोर्ट-व्हिसा, जुन्या गोळ्यांची पाकिटं आणि जिथे राहतात तो पत्ता. सगळ्याच्या झेरॉक्स न्या, ओरिजिनल पिशवीत ठेवा, कुणाच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. आधार नसेल तर नाही, यूएनएचसीआरच्या कार्डावर आधार निघत नाही त्यामुळे त्याच्या मागे लागून दिवस घालवू नका. नाव मात्र सगळीकडे एकाच स्पेलिंगने लिहून घ्या! अफगाण लोकांना बऱ्याचदा आडनावच नसतं, मग एका कागदावर बापाचं नाव, दुसऱ्यावर गावाचं, आणि पुढे तीन कागद तीन माणसांचे दिसतात.

केसपेपरची लाईन सकाळीच लागते, लवकर जा. तिथे डिप्रेशन वगैरे शब्द येत नाहीत म्हणून गप्प बसायचं कारण नाही, छातीत धडधडतं, डोकं गरम होतं, रात्री दचकून उठतो, असं जसं होतंय तसंच सांगायचं. भाषा हा खरा त्रास. पुष्कळ अफगाणांना हिंदी कळतं पण अरबी किंवा रोहिंग्या बोलणाऱ्यांना कुणीतरी सोबत लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे घरातलं शाळकरी पोर नको, आईवर काय गुदरलं ते त्याने तिच्याच तोंडून ऐकून डॉक्टरला सांगायचं हे फार वाईट आहे. ओळखीतला मोठा माणूस न्या, बाईसोबत शक्यतो बाई.

ॲडमिट करायची वेळ आली तर मात्र नीट लक्ष द्या. सज्ञान माणूस स्वतःच्या संमतीने दाखल होऊ शकतो, त्याच मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 86. ज्याला स्वतः निर्णय घेता येत नाही इतका आजार आहे त्याला कलम 89 खाली एका वेळी जास्तीत जास्त 30 दिवस, तेही दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, आणि अर्ज करायचा त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे आजारपणात त्याच्या वतीने बघणाऱ्या माणसाने. हा प्रतिनिधी नातेवाईकच हवा असं काही नाही, मित्र चालतो, शेजारी चालतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा, आणि प्रतिनिधीची लेखी संमती, बस. ज्याचं इथे कुणीच नाही त्याने हा कागद तब्येत बरी असतानाच करून ठेवावा असं माझं ठाम मत आहे. तो नसेल आणि नातेवाईक, सांभाळणारं असंही कुणी नसेल तर जबाबदारी समाजकल्याण खात्याकडे जाते, आणि तोवर बराच वेळ जातो.

आता पोलिसांची भीती. परदेशी माणूस ॲडमिट झाला की हॉस्पिटलला ते नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं, 2025 च्या नव्या इमिग्रेशन कायद्यातही ते आहे. आजाराची माहिती मात्र मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 23 मुळे गोपनीय. व्हिसा संपलेला असेल तर आधी वकिलाशी बोला, मानसिक आजार असलेल्याला फुकट कायदेशीर मदतीचा हक्क आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज देता येतो.

जीव द्यायचे विचार येत असतील तर कागद-बिगद सोडा, जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, एकटं सोडू नका. आधी प्रयत्न झालेला असेल तर गुन्हा लागेल म्हणून लपवू नका, कलम 115 नुसार ते तीव्र तणावातून घडलं असंच धरलं जातं. फोनवर बोलायचं तर सरकारची टेली मानस हेल्पलाईन, 14416, फुकट, चोवीस तास, मराठी-हिंदीसकट वीस भारतीय भाषांत.

आणि केसपेपर फेकू नका हो. यूएनएचसीआरकडे खास गरज दाखवताना तो लागतो, आणि उद्या कॅनडा-बिनडा कुठे पुनर्वसन झालं तर तिथला डॉक्टर पहिल्याच दिवशी विचारणार कुठल्या गोळ्या चालू आहेत. निघायच्या आधी ओपीडीतून उपचाराचा गोषवारा इंग्रजीत मागून घ्या, गोळ्यांची नावं कंपनीची नकोत, आतल्या औषधाची हवीत, डोससकट. रेकॉर्ड मागायचा हक्क कलम 25 मध्ये आहे, देत नसतील तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.