पूरग्रस्त दुकानदारांना शासकीय मदत (महाराष्ट्र)

पुरात दुकानाचे नुकसान झाल्यास राज्य शासन जे देते ते सानुग्रह अनुदान, नुकसानभरपाई नव्हे. आपत्ती प्रतिसाद निधीच्या केंद्रीय निकषांत हातमाग व हस्तकला कारागिरांची अवजारे आणि कच्चा माल बसतो, दुकानातला माल बसत नाही. म्हणून राज्याला स्वतःच्या तिजोरीतून, वेगळा शासन निर्णय काढून ही रक्कम द्यावी लागते.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठी नदीचे पाणी शिरले. त्या महिन्यातील पुरानंतर ठरलेला दर असा : प्रत्यक्ष नुकसानीच्या ७५ टक्के किंवा ५० हजार रुपये, यांपैकी कमी असेल ते; टपरीधारकास कमाल १० हजार. म्हणजे नुकसान ६६,६६७ रुपयांच्या वर गेले की पुढे ते चार लाखांचे असो वा चाळीस लाखांचे, हाती पन्नासच हजार.

सारी भिस्त पंचनाम्यावर. चिखल उपसून भिजलेला माल फेकून दिल्यावर पंचनामा करायला काही उरत नाही; पण कुजणारे धान्य ठेवता तरी किती दिवस? त्यामुळे भिंतीवरची पाण्याची रेघ, मालाचे ढीग आणि दुकानाची पाटी एकाच फोटोत घ्यावी, खरेदीची बिले पुरवठादाराकडून पुन्हा मागवावीत. अधिकृत दुकान, स्थानिक मतदार यादीतील नाव आणि शिधापत्रिका या अटींवर बरेच अर्ज अडतात. परवाना वडिलांच्या नावे, दुकान चालवतो मुलगा, किंवा शिधापत्रिका गावाकडची, अशी प्रकरणे नेहमीची.

मोठा आधार विम्याचाच, तोही पुराचे संरक्षण असलेल्या. दहा लाखांच्या मालाचा विमा पाच लाखांचाच काढला असेल तर चार लाखांच्या नुकसानीवर त्याच प्रमाणात, म्हणजे साधारण दोनच लाख मिळतात. हप्ता वाचवण्याची ही किंमत पूर ओसरल्यावर कळते. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत विमा रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची अशी तूट माफ आहे.

कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांत पुनर्रचना, म्हणजे परतफेडीच्या अटी बदलून देणे, आपत्तीपासून तीन महिन्यांत व्हावी असे होते. आधीच थकलेल्या खात्याला ती नव्हती. हिशेबात हमखास राहून जाते ती जीएसटीची बाब : नष्ट झालेल्या मालावर घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार परत करावे लागते. विम्याचा दावा लावताना ही रक्कमही नुकसानीत धरली जाईल की नाही, हे विमा कंपनीच्या सर्वेक्षकाला आधीच विचारून घ्यावे.