व्हिस्की बाटलीत मुरत नाही

बाटली जितकी वर्षं जपून ठेवावी तितकी व्हिस्की मुरते, हा समज संग्राहकांमध्येही घट्ट रुजला आहे. तो चुकीचा आहे. मुरण्याचं सगळं काम ओकच्या पिंपात होतं. लाकडातून रंग आणि व्हॅनिलासारखा गंध उतरतो, हवा हळूहळू झिरपते, स्कॉटलंडमध्ये तर वर्षाला साधारण २ टक्के मद्य उडून जातं. त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात, किती सुंदर नाव! बंद काचेत यातलं काहीच घडत नाही. १२ वर्षांची व्हिस्की ३० वर्षं कपाटात राहिली तरी १२ वर्षांचीच. जुन्या बाटलीला भाव येतो तो दुर्मीळ असते म्हणून. आणि ती वाइनसारखी आडवी ठेवू नका, तीव्र मद्याने बूच खराब होतं.