दुतोंड्या मारुती आणि मनातला पूर

गोदावरीला पूर आला की गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हे नाशिककर नंतर विचारतात. पहिला प्रश्न असतो, पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आले? कमरेला, छातीला की गळ्याला? मनातला पूर मोजणारीही अशी एक पट्टी आहे आणि डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने मानसिक आघातावर केल्या जाणाऱ्या उपचारात, म्हणजे ईएमडीआरमध्ये, ती वापरली जाते.

समजा, ऑगस्ट २०१९ च्या पुरात सराफ बाजारातील एक दुकानदार रात्रभर माळ्यावर अडकून पडला होता. पाणी ओसरले, दुकान पुन्हा उभे राहिले, पण आजही पत्र्यावर पावसाचा ताशा वाजू लागला की त्याच्या छातीत धडधडते आणि चिखलाचा तोच वास नाकात येतो. साधी आठवण ‘तेव्हा असे झाले’ असे सांगते. आघाताची आठवण मात्र ‘आत्ता होते आहे’ असे सांगत राहते.

उपचारतज्ज्ञ आधी त्याचा पूर्वेतिहास समजून घेतो आणि मन स्थिर ठेवण्याच्या युक्त्या शिकवतो. एकूण आठ टप्प्यांच्या या पद्धतीत ही पूर्वतयारी उरकून टाकण्याची गोष्ट नाही. मग त्या रात्रीचे सर्वांत बोचरे दृश्य डोळ्यांसमोर आणायला सांगून तो विचारतो, ‘शून्य ते दहामध्ये त्रास किती?’ दुकानदार म्हणतो, ‘नऊ.’ तज्ज्ञ दोन बोटे त्याच्या चेहऱ्यासमोर डावीकडून उजवीकडे आणि परत अशी फिरवतो. मान न हलवता नजरेने बोटांचा पाठलाग करायचा, साधारण अर्धा मिनिट. मग दीर्घ श्वास. ‘आता काय जाणवते?’ जे उमटेल ते सांगायचे आणि पुन्हा बोटांकडे पाहायचे. आकडा शून्याजवळ येईपर्यंत हे चालते. त्याला एकाहून अधिक बैठकाही लागतात. त्यानंतर ‘मी असहाय आहे’ या समजुतीच्या जागी ‘मी त्यातून वाचलो’ ही जाणीव रुजवली जाते.

१९८७ मध्ये बागेत फिरताना आपल्या डोळ्यांच्या हालचालींबरोबर त्रासदायक विचारांची धार कमी होते, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांच्या लक्षात आले आणि १९८९ मध्ये त्यांनी पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. ही जन्मकथा ऐकून अनेक संशोधकांनी नाक मुरडले, आणि ते गैर नव्हते.

आज सर्वाधिक आधार असलेले स्पष्टीकरण कार्यरत स्मृतीचे आहे. गल्ला मोजताना कोणी बोलू लागले की आकडा हातातून निसटतो, कारण हातातले काम सांभाळणारी ही स्मृती फार तोकडी असते. दृश्य आठवत ठेवणे आणि बोटांमागे नजर फिरवणे ही दोन कामे तिला एकदम पेलत नाहीत. दृश्य फिके पडते आणि फिके पडलेल्या रूपातच पुन्हा साठवले जाते, असे मानतात. मेंदूचे डावे-उजवे भाग जुळतात म्हणून गुण येतो, हे लोकप्रिय स्पष्टीकरण मला पटत नाही. प्रयोगशाळेत नजर वर-खाली फिरवूनही आठवणी फिक्या पडल्या आहेत.

डोळ्यांची हालचाल खरोखर गरजेची आहे का, हा वाद मात्र जुना आहे. अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून २००१ मध्ये तिचा वेगळा फायदा दिसला नव्हता; २०१३ च्या विश्लेषणात तो दिसला. २०१९ मध्ये कोरियातील संशोधकांनी उंदरांसमोर दिवे डावी-उजवीकडे सरकवत नेले, तेव्हा त्यांची शिकलेली भीती कमी झाली आणि त्यामागचा मेंदूतील एक मार्गही सापडला. उपचार एकूण गुणकारी आहे, याबद्दल फारसा वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर ताणविकारासाठी त्याची शिफारस केली.

आठवण पुसली जात नाही. दुकानदाराला ती रात्र आठवतच राहील, फक्त पत्र्यावर पाऊस वाजला म्हणून तो दुकान सोडून पळणार नाही. मोबाईलवर सरकणारा ठिपका दाखवणारे व्हिडिओ पाहून हा प्रयोग घरी करू नये. बोटे फिरवणे कोणालाही जमते, पण आठवण उघडल्यावर माणूस हादरला तर त्याला सावरणे हेच प्रशिक्षित तज्ज्ञाचे खरे काम आहे.