क्लबचे स्टिकर मागवताय? आधी यादी बंद करा

कार क्लबचं काम आमच्याकडे येतं तेव्हा डिझाइनवर महिनाभर खल झालेला असतो. नग किती हवेत, यावर मात्र कुणी पाच मिनिटंही घालवलेली नसतात. मग "अजून सात वाढवा ना" असा फोन येतो, तोही नेमका छपाई उरकल्यावर.

सात नगांना असं काय लागतं, हे वाटणं साहजिक आहे. पण सॉल्व्हंट (द्रावकातल्या) शाईने छापलेलं व्हिनाइल, म्हणजे स्टिकरचं प्लास्टिक, आम्ही किमान २४ तास सुकू देतो. घाईने लॅमिनेशन (वरचा पारदर्शक थर) चढवलं की बुडबुडे येतात, कडा सुटतात. सातांसाठीही तेवढाच वेळ आणि मशीनची तीच जुळवाजुळव. वर दुसऱ्या खेपेचा लाल पहिल्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या राहिल्या की फरक कळतो. म्हणून चालू कामात आम्ही नग वाढवत नाही. काहींना हा आडमुठेपणा वाटतो, वाटू दे.

घोळ होतो तो ग्रुपवरचे अंगठे मोजल्यामुळे. एका संयोजकांनी ६० अंगठे पाहून ६० नग नेले, पैसे दिले ३८ जणांनी. उरलेले बरेच दिवस त्यांच्याच डिकीत फिरत होते. पैसे जमा झाले, तरच नाव यादीत. शेवटची तारीख सांगा आणि ती पाळा. वर दहाएक टक्के जास्तीचे घ्या. कुणाची काच बदलते, कुणाचं वाकडं लागतं, आणि उशिरा जागे होणारे प्रत्येक क्लबात असतात.

यादीत एक रकाना वाढवा: काचेला आतून की बाहेरून? आतून लावायच्या स्टिकरला गोंद छापील बाजूवर असतो, नंतर उलटवता येत नाही. मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे तापून काचेवरचं बाष्प घालवणाऱ्या, रेघा असतील तर बाहेरचंच घ्या; आतलं ओढून काढताना रेघ उचकटू शकते. काच गडद असेल तरीही बाहेरचंच, आतलं दिसणार कुणाला?

लोगोची मूळ व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) द्या, ग्रुपवरून उतरवलेला फोटो नको.

पक्की यादी दिलीत तर नाववार पाकिटं आम्हीच भरतो, प्रत्येकात लावण्याच्या सूचनांची चिठ्ठी घालून. मग भेटीच्या दिवशी बॉनेटवर ढीग मांडून "दोन कुणाचे होते रे?" असं ओरडावं लागत नाही. कटिंगची फाइलही आमच्याकडे जपून राहते, त्यामुळे नवे सभासद पुरेसे जमले की फक्त नवी यादी पाठवा.